व्हर्जिनियाचा २०१८-१९ चा मोसम: संथ खेळ तोच राहिला, मग बदलले काय?

रानवारा (धागाकर्ता)

नमस्कार.

अमेरिकेतील महाविद्यालयीन पुरुष बास्केटबॉलमध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संघाने २०१८-१९ च्या मोसमात विजेतेपद मिळवले. त्या विजेतेपदाची हकिकत सहसा 'आदल्या वर्षीच्या नामुष्कीची भरपाई' अशीच सांगितली जाते. या दोन्ही मोसमांतील बरेचसे सामने मी जालावर सलग पाहिले, तेव्हा ही हकिकत मला अर्धीच वाटू लागली. खेळाच्या अंगाने पाहिले तर एक प्रश्न शिल्लकच राहतो, आणि तो येथील जाणकारांपुढे ठेवावा म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. २०१७-१८ मध्ये व्हर्जिनियाने अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या आपल्या गटातील १८ पैकी १७ साखळी सामने जिंकले, गटाची बाद पद्धतीची स्पर्धाही जिंकली, आणि ३१ विजय व अवघे २ पराभव अशा कामगिरीनिशी हा संघ मार्चमधील राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. या स्पर्धेत ६८ संघ असतात, त्यांचे चार विभाग पाडतात आणि प्रत्येक विभागात १ ते १६ अशी मानांकने देतात. व्हर्जिनियाला संपूर्ण स्पर्धेत अग्रमानांकन होते. पहिल्या सामन्यात समोर होता सोळावे मानांकन मिळालेला यूएमबीसी, म्हणजे मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेचा संघ. १९८५ मध्ये स्पर्धेचा विस्तार झाल्यापासून पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या आणि सोळाव्या मानांकितांचे १३५ सामने झाले होते आणि सर्वच्या सर्व पहिल्या मानांकितांनी जिंकले होते. १६ मार्च २०१८ रोजी शार्लट येथे ही परंपरा तुटली. मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी होती, आणि सामना संपला तेव्हा गुणफलक यूएमबीसी ७४, व्हर्जिनिया ५४ असा होता.

पुढच्या मोसमात प्रशिक्षक टोनी बेनेटच होते, बचावाची पद्धत तीच होती आणि चालही तितकीच संथ होती. त्याच संघाने ३५ विजय आणि ३ पराभव अशी कामगिरी केली आणि ८ एप्रिल २०१९ रोजी मिनीआपोलिस येथे टेक्सास टेकला जादा वेळेत ८५-७७ असे हरवून विद्यापीठाच्या इतिहासातील पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

माझी अडचण त्या संथ चालीपाशी आहे. व्हर्जिनियाचा संघ देशातील सर्वांत संथ संघांपैकी एक होता. चाळीस मिनिटांच्या सामन्यात इतर संघांच्या वाट्याला सत्तरच्या जवळपास ताबे येतात, तेथे हा संघ साठाच्या आसपास ताबे खेळत असे (ताबा म्हणजे चेंडू हाती आल्यापासून तो जाईपर्यंतची एक चढाई). आता जो संघ सरस आहे त्याने तर सामना जितका लांबेल तितका लांबवायला हवा, कारण ताबे वाढले की नशिबाचा वाटा कमी होतो आणि गुणवत्ता वर येते. दुबळ्या क्रिकेट संघाला पाच दिवसांच्या कसोटीपेक्षा वीस षटकांच्या सामन्यात बलाढ्य संघाला हरवण्याची संधी अधिक असते, तसेच हे आहे. मग व्हर्जिनियाने स्वतःहून सामना आखूड का करावा? यूएमबीसीविरुद्धचा पराभव या संथपणामुळे झाला का? तसे असेल तर बेनेट यांनी दुसऱ्या वर्षी वेग का वाढवला नाही? आणि तसे नसेल, तर दोन मोसमांत नेमका फरक कोणता होता?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

मध्यरेषा

रानवारा, प्रश्न चांगला आहे आणि त्यात गृहीत धरलेल्या एका गोष्टीपासूनच सुरुवात करायला हवी. आपण संथपणाला उद्दिष्ट मानले आहे. माझ्या मते तो परिणाम आहे. मी महाविद्यालयीन मुलांच्या संघाला शिकवतो आणि बेनेट यांची बचावपद्धत आमच्या मुलांकडून करून घेण्याचा प्रयत्न पुष्कळदा केला आहे, त्यामुळे थोडे तपशिलात लिहितो.

या पद्धतीला 'पॅक लाइन' म्हणतात. ती टोनी बेनेट यांचे वडील डिक बेनेट यांनी घडवली. त्यांनी विस्कॉन्सिनच्या संघाला २००० साली राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चार संघांत नेले होते. बास्केटपासून साधारण सोळा फुटांवर, म्हणजे तीन गुणांच्या रेषेच्या बरीच आत, एक कमान आहे असे समजायचे. ज्याच्या समोर चेंडू आहे त्या एका बचावपटूने बाहेर जाऊन दबाव आणायचा आणि उरलेल्या चौघांनी त्या कमानीच्या आत राहायचे. आमच्या सिमेंटच्या कोर्टवर मी ही कमान खडूने आखून देतो. मुलांची पहिली चूक ठरलेली असते: आपला माणूस बाहेर मोकळा उभा दिसला की ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहतात आणि मधली वाट उघडी पडते. चेंडू हवेत असतानाच कमानीतून बाहेर झेपावायचे, शेवटची दोन पावले आखूड टाकायची, हात उंच ठेवायचे आणि तरीही ड्रिबल करून, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत, आत शिरणाऱ्याला वाट द्यायची नाही, हे अंगवळणी पडायला फार वेळ लागतो. खडूची रेघ पुसल्यावरही पाय तिच्यामागेच थांबू लागले की समजावे, आता काही जमते आहे.

आता याचा वेगाशी संबंध पाहा. समोरच्या संघाला आत शिरायला जागा मिळत नाही, म्हणून तो चेंडू या हातातून त्या हातात फिरवत राहतो. अमेरिकेच्या महाविद्यालयीन पुरुष बास्केटबॉलमध्ये एका ताब्याला ३० सेकंद मिळतात. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २४ मिळतात. ते तीस सेकंद संपत आले की प्रतिस्पर्धी नाइलाजाने अवघड फटका मारतो. म्हणजे सामन्यातील बराचसा वेळ प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यातच खर्च होतो. शिवाय आपला फटका चुकला की रिबाउंडसाठी, म्हणजे परत उडालेला चेंडू धरण्यासाठी, गर्दी करण्याऐवजी बेनेट यांचे खेळाडू तडक मागे धावत, म्हणजे समोरच्याला वेगवान चढाईत मिळणाऱ्या सोप्या बास्केटही बंद होत. या दोन गोष्टी नेटाने केल्या की सामना आपोआप संथ होतो. वेग वाढवायचा म्हटले तर यांतील एक तरी सोडावी लागते, आणि ज्या बचावामुळे संघ सरस ठरला तोच सोडून वेग घेण्यात अर्थ नाही.

म्हणून यूएमबीसीविरुद्धचा पराभव संथपणामुळे झाला असे मला वाटत नाही. पहिला अर्धा भाग संथच होता आणि तेथे बरोबरी होती. सामना हातातून गेला तो दुसऱ्या भागात. त्या वीस मिनिटांत यूएमबीसीने ५३ गुण केले. त्या मोसमात व्हर्जिनिया एका संपूर्ण सामन्यात सरासरी जेवढे गुण देत असे, जवळजवळ तेवढे. यूएमबीसीने पाचही खेळाडू बाहेर पसरवले, छोट्या चणीच्या चपळ गार्डनी, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूंनी, कमानीत शिरून चेंडू परत बाहेर दिला, आणि बाहेरचे फटके बसत गेले: तीन गुणांच्या २४ प्रयत्नांपैकी १२ यशस्वी. जेरस लाइल्सने एकट्याने २८ गुण केले. पॅक लाइन आतली जागा बंद करते त्याची किंमत बाहेरच्या फटक्यांत मोजावी लागते, आणि त्या रात्री ती सगळी एकदम वसूल झाली.

परंतु माझ्या दृष्टीने खरी अडचण दुसऱ्या टोकाला होती. व्हर्जिनियाला तीन गुणांच्या २२ प्रयत्नांत केवळ ४ जमले. त्यांची चढाई त्या काळी प्रामुख्याने 'ब्लॉकर-मूव्हर' पद्धतीची होती: दोन उंच खेळाडूंनी आडोसे, म्हणजे स्क्रीन, लावत राहायचे आणि तिघांनी त्यांच्याभोवती धावत राहून फटक्याची जागा शोधायची. आघाडीवर असताना ही पद्धत उत्तम चालते, कारण तिला घाई नसते. पंधरा गुणांनी मागे पडल्यावर मात्र तिच्यातून झटपट गुण निघत नाहीत. हंगामभर मागे पडण्याची वेळच फारशी आली नव्हती, त्यामुळे ही उणीव दिसली नव्हती.

२०१८-१९ मध्ये बेनेट यांनी या पद्धतीच्या जोडीला सलग बॉल-स्क्रीनची चढाई मोठ्या प्रमाणावर आणली. एका बाजूला उंच खेळाडू येऊन चेंडूवाल्यासाठी स्क्रीन लावतो. तेथे काही निघाले नाही तर चेंडू दुसऱ्या बाजूला फिरतो आणि तेथे लगेच दुसरा उंच खेळाडू स्क्रीन घेऊन तयार असतो. टाय जेरोमसारखा साडेसहा फुटांच्या जवळपास उंचीचा, बचावाच्या डोक्यावरून पाहू शकणारा पासर हाताशी असल्यावर या चढाईला धार आली. चाल संथच राहिली, परंतु दर ताब्यामागे मिळणाऱ्या गुणांचा हिशेब केला तर हा संघ देशातील अगदी वरच्या संघांत जाऊन बसला. टेक्सास टेकचा बचाव त्या मोसमातील सर्वोत्तम मानला जात होता, आणि त्या बचावाविरुद्ध व्हर्जिनियाने जादा वेळेच्या पाच मिनिटांत १७ गुण केले. यूएमबीसीविरुद्ध पहिल्या वीस मिनिटांत त्यांना २१ जमले होते, हे शेजारी ठेवून पाहावे.

---

ओसरी

मध्यरेषा यांनी पद्धतीचे विवेचन उत्तम केले आहे, आणि तरीही त्यांचा निष्कर्ष मला पूर्ण पटत नाही. आपण विजेत्याच्या बाजूने मागे वळून पाहतो तेव्हा प्रत्येक बदल शहाणपणाचा वाटू लागतो. त्या स्पर्धेतील शेवटचे तीन सामने मी पुन्हा पाहिले. त्यांतील कोणताही एक सामना दुसऱ्या बाजूला झुकला असता, तर आज आपण हाच बेनेट यांचा हट्टीपणा म्हणून चर्चेला घेतला असता.

३० मार्च २०१९ रोजी लुइव्हिल येथे पर्ड्यूविरुद्धचा सामना घ्या. पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने ४२ गुण केले आणि त्यांत तीन गुणांच्या दहा बास्केट होत्या. सहा सेकंदही उरले नव्हते, व्हर्जिनिया तीन गुणांनी मागे होता आणि जेरोम फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या एका गुणाच्या विनाअडथळा फटक्याच्या, रेषेवर उभा होता. पहिला फ्री थ्रो बसला, दुसरा चुकला. मामादी डियाकितेने उडी मारून चेंडू बोटांनी मागे ढकलला, आणि तो पार मध्यरेषेपलीकडे, आपल्याच बास्केटच्या दिशेने गेला. किहेई क्लार्क, संघातील सर्वांत ठेंगणा, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, त्यामागे धावला. चेंडू हातात आला तेव्हा जवळ जेरोम आणि काइल गाय मागत होते. त्याने त्यांच्याकडे न देता दूर बास्केटजवळ उभ्या डियाकितेकडे लांबलचक सरळ पास टाकला. डियाकितेने चेंडू धरता धरताच सोडला आणि भोंगा वाजला तेव्हा तो हवेत होता. ७०-७० अशी बरोबरी झाली आणि जादा वेळेत व्हर्जिनिया ८०-७५ असा जिंकला. हा खेळ कोणत्याही फळ्यावर आखलेला नव्हता.

एका आठवड्याने ऑबर्नविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दहा गुणांची आघाडी पाचेक मिनिटांत नाहीशी झाली आणि ऑबर्नने सलग १४ गुण केले. ६१-५७ असा गुणफलक असताना काइल गायने कोपऱ्यातून तीन गुण मिळवले. ऑबर्नला पुढे दोनपैकी एकच फ्री थ्रो साधला: ६२-६०. त्यानंतरच्या ताब्यात जेरोमचा चेंडू पायाला लागून निसटला, त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि पुन्हा ड्रिबल केला. हा उघड डबल ड्रिबल, म्हणजे नियमभंग, होता आणि पंचांनी तो दिला नाही. मग शेवटच्या क्षणी कोपऱ्यातून फटका मारणाऱ्या काइल गायला अडवल्याबद्दल ऑबर्नविरुद्ध फाउल दिला गेला. ०.६ सेकंद उरलेले, तीन फ्री थ्रो, आणि तिन्ही बसले. ६३-६२.

अंतिम सामन्यातही तेच घडले. टेक्सास टेक ६८-६५ असा पुढे होता, आणि सुमारे तेरा सेकंद उरले असताना डिआंद्रे हंटरने कोपऱ्यातून तीन गुणांची बास्केट केली तेव्हा कोठे जादा वेळ मिळाली.

त्यामुळे रानवारा यांची मूळ शंका मला अजून जिवंत वाटते. साठ ताब्यांचा सामना खेळणारा संघ स्वतःला वारंवार अशा शेवटच्या दहा सेकंदांत आणून सोडतो. २०१८ मध्ये निकाल उलटा लागला, २०१९ मध्ये तीनदा सुलटा लागला. २०१६ मध्ये हाच संघ सिरॅक्यूजविरुद्ध अंतिम चार संघांत जाण्याच्या उंबरठ्यावर मोठी आघाडी गमावून बसला होता, आणि २०१७ मध्ये फ्लोरिडाने त्यांना ६५-३९ असे हरवले होते. या साऱ्याची मिळून एकच संगती लावायची असेल, तर तीत नशिबाला बरीच मोठी जागा द्यावी लागेल.

---

रानवारा

दोघांचेही मनापासून आभार. ओसरी, आपण सांगितलेल्या तिन्ही सामन्यांत मला एक गोष्ट समान दिसते. व्हर्जिनिया प्रत्येक वेळी शेवटच्या मिनिटात मागे होता आणि प्रत्येक वेळी त्याला गुण मिळाले. पंचांनी फाउल देणे आपण नशीब म्हणू. परंतु बहात्तर हजारांच्या जवळपास प्रेक्षकांसमोर, मधल्या खंडासकट, तीन फ्री थ्रो लागोपाठ टाकणे हे नशीब नव्हे. मध्यरेषा म्हणतात तो 'मागे पडल्यावर गुण मिळवण्याचा' फरक येथे दिसत नाही का? अर्थात डियाकितेच्या त्या फटक्याचे श्रेय पद्धतीला देता येणार नाही, हेही मान्य.

आणखी एक विचारतो. बचावात काही दुरुस्ती झाली होती का? यूएमबीसीने जी वाट दाखवली ती पुढच्या वर्षी इतरांनी वापरली नाही का?

---

निळीकडा

मी व्हर्जिनिया राज्यात राहते आणि या संघाचे सामने नियमाने पाहत आले आहे, म्हणून शेवटच्या प्रश्नाला उत्तर देते.

वाट वापरली गेली, आणि पुष्कळ वेळा. २०१८-१९ च्या मोसमातील तीन पराभवांपैकी दोन ड्यूकविरुद्धचे होते. जानेवारीत ड्यूकच्या मैदानावर ७२-७० असा सामना गेला; झायन विल्यमसन आणि आर. जे. बॅरेट यांच्यासारखे खेळाडू थेट आत घुसत होते, तेव्हा तो पराभव समजण्यासारखा होता. फेब्रुवारीत शार्लट्सव्हिल येथे ड्यूक ८१-७१ असा जिंकला, तो मात्र तीन गुणांच्या २१ प्रयत्नांपैकी १३ साधून. यूएमबीसीने १२ साधले होते. पर्ड्यूच्या एकट्या एडवर्ड्सने १० साधले. म्हणजे बचावातील ती फट बुजवली गेली नव्हती. बेनेट यांनी ती बुजवण्याचा फारसा प्रयत्नही केला नाही, कारण ती बुजवायची तर कमान मोडावी लागली असती. फरक पडला तो एवढाच की पर्ड्यूसारखा संघ बाहेरून बरसत असतानाही व्हर्जिनियाला स्वतःचे ८० गुण करता आले. यावरून मला मध्यरेषा यांचे म्हणणे ओसरी यांच्या म्हणण्यापेक्षा अधिक वजनदार वाटते.

परंतु दोघांच्याही प्रतिसादांत एक मोठी गोष्ट राहून गेली आहे, ती म्हणजे माणसे. यूएमबीसीविरुद्धच्या सामन्यात डिआंद्रे हंटर खेळलाच नव्हता. आधीच्याच आठवड्यात त्याचे मनगट मोडले होते. सहा फूट सात इंच उंचीचा हा खेळाडू गार्डपासून सेंटरपर्यंत, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या सर्वांत उंच खेळाडूपर्यंत, कोणालाही अडवू शकत असे आणि बाहेरूनही फटके साधत असे. चपळ गार्ड पसरून खेळणाऱ्या संघाविरुद्ध नेमका असाच माणूस लागतो. अंतिम सामन्यात त्याने २७ गुण केले, त्यांतील २२ मध्यंतरानंतर, आणि टेक्सास टेकचा सर्वोत्तम खेळाडू जॅरेट कल्व्हर याला २२ पैकी केवळ ५ फटके साधू दिले. तो शार्लटमध्ये असता तर काय झाले असते हे सांगता येत नाही, पण दोन मोसमांची तुलना करताना हा फरक पहिल्या ओळीत यायला हवा.

दुसरे असे की हंटरला त्याच उन्हाळ्यात व्यावसायिक बास्केटबॉलकडे जाता आले असते. तो परतला. जेरोम आणि काइल गाय परतले. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळात चांगला संघ एका वर्षात विखुरतो, हे येथे राहून पदोपदी दिसते. म्हणून हे तिघे परतले याचे मोल मला फार वाटते. गटातील त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू आयझाया विल्किन्स आणि गार्ड डेव्हन हॉल शिक्षण पूर्ण करून गेले होते, आणि त्यांच्या जागी क्लार्क व अलाबामाहून आलेला ब्रॅक्स्टन की हे नवे खेळाडू बसवावे लागले. गाभा मात्र तोच राहिला. काइल गायने पराभवानंतर एक खुले पत्र लिहून आपल्या मनावरचा ताण आणि चिंतेचा त्रास उघडपणे सांगितला होता. वीस वर्षांच्या मुलाने देशभर हसे झालेले असताना असे लिहावे, याचा मला आजही आदर वाटतो. अंतिम फेरीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला.

पुढच्या वर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धेतील पहिल्याच सामन्यात, २२ मार्च २०१९ रोजी, पुन्हा पहिले मानांकन, पुन्हा सोळावा प्रतिस्पर्धी: गार्डनर-वेब. पहिल्या भागात व्हर्जिनिया १४ गुणांनी मागे पडला आणि मध्यंतराला ३६-३० असा पिछाडीवर होता. येथे राज्यभर लोक अक्षरशः श्वास रोखून बसले होते. दुसऱ्या भागात व्हर्जिनियाने ४१ गुण केले, केवळ २० दिले आणि सामना ७१-५६ असा जिंकला. रानवारा, दोन मोसमांतील फरक आपल्याला एकाच ठिकाणी पाहायचा असेल तर तो येथे आहे. येथे शेवटच्या सेकंदाचा फटका नाही, पंचांचा निर्णय नाही. पिछाडीवर पडलेला संघ वीस मिनिटे खेळला आणि पुढे गेला.

ओसरी यांच्या नशिबाच्या मुद्द्याला एक तुलना जोडते. १७ मार्च २०२३ रोजी पुरुषांच्या स्पर्धेत दुसऱ्यांदा सोळाव्या मानांकिताने पहिल्याला हरवले: फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला ६३-५८ असे. योगायोगाने हा तोच पर्ड्यू, आणि प्रशिक्षकही तेच, मॅट पेंटर. त्यांनीही संघ मोडला नाही, सात फूट चार इंच उंचीचा सेंटर झॅक ईडी परतला, आणि २०२४ मध्ये पर्ड्यू थेट अंतिम सामन्यात पोहोचला. तेथे कनेक्टिकटने त्यांना ७५-६० असे हरवले. ईडीचे ३७ गुण वाया गेले. दोन उदाहरणांवरून नियम बांधता येत नाही हे मला कळते. तरी एवढे म्हणते की गाभा टिकवून, पद्धत न सोडता परत आलेले दोन्ही संघ अंतिम सामन्यापर्यंत गेले. शेवटचा सामना जिंकणे वा हरणे यात नशीब कितीही असो, तेथवर पोहोचणे निव्वळ नशिबाने घडत नाही.

आता हे पुन्हा घडणे अवघड आहे, याचे मात्र वाईट वाटते. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणेही सोपे झाले. खेळाडूंना पैसे मिळायलाच हवेत, त्यांच्या खेळावर इतरांनी वर्षानुवर्षे कमाई केली आहे. पण पॅक लाइनसारखी पद्धत शिकायला जी दोन-तीन वर्षे एका जागी राहावे लागते, ती आता मिळत नाहीत. बेनेट यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये, मोसम तोंडावर असताना, निवृत्ती घेतली आणि बदललेल्या वातावरणात या जागेसाठी आपण योग्य माणूस उरलो नाही असे स्पष्ट सांगितले. मार्च २०२५ मध्ये त्या पदावर रायन ओडम यांची नेमणूक झाली. २०१८ मध्ये यूएमबीसीचे प्रशिक्षक तेच होते.

---

ओसरी

निळीकडा, गार्डनर-वेबविरुद्धचा सामना मी विचारात घेतला नव्हता आणि तो महत्त्वाचा पुरावा आहे हे मान्य करतो. हंटरच्या दुखापतीविषयीही सहमत आहे, फक्त ती दुखापत होणे हेही नशिबाच्याच खात्यात जमा करावे लागेल. संथ खेळाने सरस संघाचा धोका वाढतो हे माझे म्हणणे मी मागे घेत नाही. तो धोका पत्करूनही जे मिळते ते अधिक मोलाचे आहे, असे बेनेट यांनी ठरवले होते, एवढे मात्र आता स्पष्ट दिसते.

---

मध्यरेषा

रानवारा, निळीकडा यांनी सांगितलेला गार्डनर-वेबविरुद्धचा दुसरा भाग पाहणार असाल, तर चेंडूकडे न पाहता व्हर्जिनियाच्या दोन उंच खेळाडूंच्या पायांकडे पाहा. त्या भागात डियाकितेला जास्त वेळ खेळवले आहे. चेंडू एका बाजूकडून दुसरीकडे फिरत असतानाच तो स्क्रीनसाठी निघालेला असतो, आणि बचावपटू मागे राहिला की स्क्रीन अर्धवट सोडून थेट बास्केटकडे जातो. त्यानंतर यूएमबीसीविरुद्धच्या सामन्याचा तेवढाच भाग लावा. तेथे उंच खेळाडू स्क्रीन लावून जागच्या जागी उभे राहतात, आणि तीस सेकंद संपत येईपर्यंत बास्केटच्या दिशेने कोणीच जात नाही. मी हे दोन तुकडे आमच्या मुलांना एकापुढे एक दाखवतो आणि ध्वनी बंद ठेवतो, कारण समालोचक त्या वेळी फक्त गुणफलकाविषयी बोलत असतात.